क्लिनिकल ट्रायलचा करार : कोणतं कलम कुठून आलं

अमेरिकेतल्या संशोधन विद्यापीठात क्लिनिकल ट्रायलचे करार ठरवणाऱ्याच्या टेबलावर औषध कंपनीचा मसुदा येतो, तेव्हा तो एका बैठकीत लिहून काढल्यासारखा दिसतो. प्रत्यक्षात त्यातली कलमं पन्नास-साठ वर्षांत, निरनिराळ्या कारणांनी, एकेक करून आत शिरलेली आहेत. कोणतं कशामुळे आलं हे ठाऊक असेल, तर कुठे ताणायचं आणि कुठे सोडून द्यायचं हे कळतं. 'आमच्या धोरणात बसत नाही' म्हटलं की समोरचा वकील विचारतो, अपवाद कोण मंजूर करतं? 'हा कर कायद्याचा प्रश्न आहे' म्हटलं की तो मुकाट्याने पुढच्या कलमाकडे वळतो.

सुरुवात थॅलिडोमाइडपासून, म्हणजे गरोदरपणी घेतल्यावर हजारो बाळं व्यंग घेऊन जन्मली त्या औषधापासून. त्या धक्क्यानंतर ऑक्टोबर १९६२ मध्ये अमेरिकेच्या औषध कायद्यात केफॉवर-हॅरिस दुरुस्ती झाली. औषध नुसतं सुरक्षित असून भागेना, ते परिणामकारक आहे हे नियंत्रित अभ्यासांनी सिद्ध करणं कंपनीवर आलं. कंपन्यांकडे औषधं होती. रुग्ण आणि त्यांना तपासणारे तज्ज्ञ होते विद्यापीठांच्या रुग्णालयांत. आज करार विद्यापीठाशी होतो, आणि प्रमुख संशोधक बहुतेक ठिकाणी पक्षकार नसतो. तो फक्त 'वाचलं आणि समजलं' एवढ्यापुरती सही करतो. कंपनी त्याला पक्षकार करू पाहते, तेव्हा विद्यापीठ अडवतं. नोकरीच्या कक्षेबाहेर त्याने वैयक्तिक हमी दिली, तर विद्यापीठाचा विमा त्याच्या मागे उभा राहीलच असं नाही. औषध प्रशासनापुढची त्याची जबाबदारी १५७२ क्रमांकाच्या फॉर्मवर वेगळी नोंदवलेली असतेच.

डिसेंबर १९८० मध्ये बे-डोल कायदा आला. सरकारी पैशातून लागलेल्या शोधांची मालकी विद्यापीठांना ठेवता येऊ लागली आणि ती सांभाळायला कार्यालयं वाढली. पूर्णपणे कंपनीच्या पैशावर चालणाऱ्या ट्रायलला हा कायदा लागत नाही. त्यामुळे कंपनी स्वतःच्या औषधाशी निगडित शोध मागते आणि विद्यापीठ ते बहुधा देतं. भांडण होतं ते 'अभ्यासातून उद्भवणारं सर्व काही' या शब्दांवर. अभ्यास चालू असताना त्याच संशोधकाला सरकारी अनुदानावरच्या दुसऱ्या कामात काही सापडलं, तर ते शब्द तिथपर्यंत हात लांब करतात. म्हणून मजकूर 'प्रोटोकॉलप्रमाणे काम करताना लागलेले आणि अभ्यासाच्या औषधाचा वापर ज्यांत अपरिहार्य आहे असे शोध' इथपर्यंत आवळला जातो. (प्रोटोकॉल म्हणजे अभ्यास कसा करायचा याचा लिखित आराखडा.)

मालकीच्या कलमात क्रियापदाचा काळ किती महागात पडतो, ते स्टॅनफर्ड आणि रोश यांच्या खटल्यात दिसलं. संशोधकाने विद्यापीठाला 'हक्क देण्याचं मान्य करतो' असं लिहून दिलं होतं. पुढे सेटस कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करायला गेल्यावर त्याने गुप्ततेच्या एका कागदावर सही केली. त्यात 'याद्वारे हक्क देत आहे' असे शब्द होते. पहिलं नुसतं वचन ठरलं, दुसरं हस्तांतरण. बे-डोलमुळे मालकी आपोआप विद्यापीठाकडे येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जून २०११ मध्ये सांगितलं. ट्रायलच्या पोर्टलवर लॉगिन करताना संशोधकाला 'मान्य आहे' दाबायला लावणारे कागद आजही येतात. 'पोर्टलवरच्या कोणत्याही अटींपेक्षा हा करार वरचढ राहील' हे वाक्य त्यासाठीच घालायचं.

प्रकाशनाच्या कलमावर सर्वांत जास्त वेळ जातो, आणि जायलाच हवा. १९८७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को परिसरात थायरॉइडच्या सिंथ्रॉइड या औषधाची इतर तीन औषधांशी तुलना करणारा अभ्यास सुरू झाला. औषध पुढे बूट्स कंपनीच्या हातात आलं. कंपनीच्या लेखी संमतीशिवाय निष्कर्ष बाहेर जाणार नाहीत, असं वाक्य करारात होतं. चारही औषधं सारखीच निघाली. संशोधिका बेटी डाँग यांनी लेख 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकाकडे पाठवला आणि १९९५ च्या जानेवारीत, छपाईच्या तोंडावर, मागे घेतला. तो छापून आला एप्रिल १९९७ मध्ये. त्याच सुमारास टोरोंटोत नॅन्सी ऑलिव्हिएरी यांना डेफेरिप्रोन या औषधाविषयीची काळजी रुग्णांना सांगायची होती, तर ॲपोटेक्स कंपनीने कायदेशीर कारवाईची धमकी दिली.

दोन्ही प्रकरणं सारखी वाटतात, पण त्यांतून कराराला दोन वेगळी वाक्यं मिळाली. पहिल्यातून आलं : कंपनी मजकूर वाचेल, मत देईल, पण संमती तिच्या हातात नसेल. वाचायला साधारण ३० दिवस, पेटंट अर्जासाठी आणखी ६० पर्यंत. अनेक केंद्रांची ट्रायल असेल तर एकत्रित लेखाची वाट बघायची, पण त्यालाही मर्यादा हवी, बहुधा १२ ते १८ महिने. ही मुदत 'अभ्यास सर्व केंद्रांवर संपल्यापासून' मोजायची असं ठरवून घ्यावं. 'डेटाबेस बंद झाल्यापासून' असं लिहिलं की शेवट कंपनीच्या मर्जीवर गेला, कारण डेटाबेस कधी बंद करायचा हे तीच ठरवते. दुसऱ्या प्रकरणातून आलं : रुग्णाच्या सुरक्षेशी संबंधित माहिती गुप्ततेच्या कलमातून मोकळी.

२००१ मध्ये वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने या विषयावर एकत्र भूमिका घेतली. तरी २००५ मध्ये वैद्यकीय शाळांच्या पाहणीत, लेखाचा मसुदा कंपनीने लिहावा ही तरतूद निम्म्या ठिकाणी चालते असं दिसलं. कंपनीने आपलं सांख्यिकी विश्लेषण घुसवण्याला २४ टक्क्यांची हरकत नव्हती. तत्त्व सर्वांना मान्य होतं, तपशिलात मात्र प्रत्येक कार्यालय वेगळं वागत होतं.

प्रकाशनाच्या हक्कामागे निव्वळ शैक्षणिक बाणा आहे, असं समजू नये. १९८५ च्या एनएसडीडी-१८९ या राष्ट्रपतींच्या निर्देशानुसार मूलभूत संशोधनाला निर्यात नियंत्रणातून सूट मिळते, ती निष्कर्ष खुलेपणाने प्रसिद्ध होतात म्हणून. कंपनीचा नकाराधिकार मान्य केला की ती सूट गेली, आणि परदेशी नागरिक असलेल्या सहकाऱ्याला तांत्रिक माहिती दाखवणंही प्रश्नाचं होतं. करांचंही तसंच. करमुक्त रोख्यांच्या पैशावर बांधलेल्या इमारतीत खासगी उपयोग (कंपनीसाठीचं संशोधन त्यात येऊ शकतं) किती चालतो यावर १९८६ पासून कडक बंधनं आहेत. कर खात्याच्या १९९७ च्या आणि नंतर २००७ च्या सूचनांप्रमाणे, संशोधनातून निघालेल्या तंत्रज्ञानाची किंमत ते वापरासाठी तयार झाल्यावरच ठरवायची असते. म्हणून रॉयल्टीचा दर आधीच लिहून द्यायला विद्यापीठ नकार देतं. वाटाघाटीतला डाव म्हणून तो नकार येत नाही.

रुग्णाला इजा झाली तर खर्च कोणाचा, याचं उत्तर अमेरिकेच्या संघीय कायद्यात थेट नाही. १९८१ च्या नियमांनुसार, किमान धोक्यापेक्षा जास्त धोका असेल तर भरपाई किंवा उपचार मिळणार का, एवढंच संमतिपत्रात सांगायला हवं. द्यायलाच हवी, असं ते म्हणत नाहीत. म्हणून ही गोष्ट करारातच ठरते. जुन्या करारांत कंपन्या 'विमा जे देणार नाही ते आम्ही देऊ' असं लिहीत. मेडिकेअरच्या, म्हणजे मुख्यतः वृद्धांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याच्या, रुग्णाच्या बाबतीत ते चालत नाही. दुसरं कोणी द्यायला बांधील असेल तर मेडिकेअर त्याच्यानंतरच पैसे देतं, या नियमांखाली कंपनीचं असं वचन हीच पहिली जबाबदारी धरली जाते. शिवाय २००७ च्या कायद्याने अशी देणी मेडिकेअरला कळवणं बंधनकारक झालं. त्या कळवणीसाठी कंपनी सर्व रुग्णांचे ओळख क्रमांक मागते. द्यायचे ते फक्त ज्यांच्या इजेचा खर्च कंपनी उचलतेय त्यांचे.

इथे होणारी नेहमीची चूक अगदी साधी असते. करार आणि संमतिपत्र दोन वेगवेगळ्या टेबलांवर तयार होतात. नैतिक समिती संमतिपत्र मंजूर करते, त्यात 'प्रायोजक उपचारांचा खर्च देईल'. इकडे करारात शेवटच्या फेरीत 'प्रोटोकॉल तंतोतंत पाळला असेल तरच' ही शेपटी जोडली जाते. म्हणजे रुग्णाला एक वचन दिलंय आणि पैसे मिळणार दुसऱ्याच अटीवर. मग कागद पुन्हा समितीकडे, आणि दोन-तीन आठवडे गेले. सही करण्याआधी दोन्ही परिच्छेद शेजारी ठेवून शब्दशः वाचणं, याला पर्याय नाही.

बिलांचं प्रकरण सप्टेंबर २००० पासूनचं. त्या महिन्यात मेडिकेअरने ट्रायलमधल्या रुग्णांचा नेहमीच्या उपचारांचा खर्च उचलायला सुरुवात केली. चांगलं झालं, पण प्रोटोकॉलमधली प्रत्येक रक्ततपासणी आणि प्रत्येक स्कॅन 'नेहमीचा' की 'अभ्यासापुरता' हे आता ठरवावं लागतं. कंपनी ज्याचे पैसे देते किंवा संमतिपत्र ज्याला मोफत म्हणतं, त्याचं बिल मेडिकेअरला गेलं तर सरकारी पैशाच्या खोट्या मागणीचा कायदा लागतो, तिप्पट भरपाईसकट. शिकागोतल्या एका विद्यापीठ-रुग्णालयाने २००५ मध्ये अशा प्रकरणात सुमारे १० लाख डॉलर भरून तडजोड केली. त्यानंतर आधी तपासण्यांचा तक्ता, मग बजेट, मग करार हा क्रम बऱ्याच ठिकाणी रूढ झाला.

आरोग्य माहितीच्या गोपनीयतेचा नियम एप्रिल २००३ मध्ये लागू झाला. त्याबद्दल एवढंच : प्रायोजक कंपनी त्या नियमाच्या अर्थाने रुग्णालयाची 'व्यवसाय सहयोगी', म्हणजे रुग्णालयाच्या वतीने रुग्णांची माहिती हाताळणारी संस्था, नसते. तिला माहिती जाते ती रुग्णाने सही केलेल्या परवानगीवर. 'व्यवसाय सहयोगी' म्हणून जोडकरार कंपनीकडून आलाच, तर सही न करता परत पाठवायचा.

दरम्यान समोरचा पक्षही बदलला होता. औषध कंपन्यांचा ट्रायलवरचा जो पैसा शैक्षणिक केंद्रांकडे जाई, त्याचा वाटा १९९१ मधल्या ८० टक्क्यांवरून १९९८ मध्ये ४० टक्क्यांवर आला. उरलेलं काम खासगी दवाखान्यांच्या जाळ्यांकडे आणि कंत्राटी संशोधन संस्थांकडे वळलं, कारण तिथे करार लवकर होत. या संस्था, म्हणजे सीआरओ, आता कंपनीच्या वतीने वाटाघाटी करतात, कधी सहीही करतात. पण औषधामुळे होणाऱ्या नुकसानीची हमी सीआरओ देत नाही. ती कंपनीकडून वेगळ्या पत्राने घ्यावी लागते. ते पत्र हातात येईपर्यंत पहिला रुग्ण दाखल करायचा नाही. सरकारी विद्यापीठांची आणखी एक अडचण असते. अनेक राज्यांच्या कायद्यांमुळे त्यांना उलट हमी देता येत नाही. तिथे 'कायदा परवानगी देईल तितपत' हे शब्द येतात, आणि कोणत्या राज्याचा कायदा लागू हे कलम दोन्ही बाजू कोरं सोडतात.

वाटाघाटींचा वेळ वाचवण्यासाठी २०१४ मध्ये शैक्षणिक केंद्रांनी आणि कंपन्यांनी मिळून ॲक्टा हा प्रमाणित मसुदा पुढे आणला. ब्रिटनमध्ये तसा नमुना २००३ पासूनच होता. ॲक्टा जसाच्या तसा मान्य झाला की कायदेशीर भाग झटपट सुटतो. मात्र बजेट त्यात नसतं, त्यामुळे उरलेला वेळ तिथे जातो : सुरुवातीचं शुल्क ट्रायल रद्द झाली तरी परत करायचं नाही हे लिहून घेणं, चाळणीत नापास झालेल्या रुग्णांचे पैसे किती जणांपर्यंत मिळणार, शेवटपर्यंत अडवून ठेवायची रक्कम ५ टक्के की १०, आणि कंपनीने कागदपत्रं २५ वर्षं ठेवायला सांगितली तर गोदामाचं भाडं कोणी भरायचं.