अपडेटनंतर वायफाय मंदावते, त्यामागचा इतिहास

गोव्यात पावसाळ्यात इंटरनेट अडखळले की दोष आधी पावसाला, मग केबलवाल्याला. बऱ्याचदा ते खरेही असते. झाड पडून केबल तुटणे सत्तरी-पेडण्यात नवे नाही. पण त्याच घरात मोबाईल व्यवस्थित चालतो आणि कालच अपडेट झालेला लॅपटॉपच रेंगाळतो, तेव्हा कारण दुसरीकडे शोधावे लागते.

1997 मध्ये वायफायचे 802.11 हे पहिले मानक आले तेव्हा कमाल वेग सेकंदाला 2 मेगाबिट होता, दोन वर्षांनी 11. भारतात वायफायच्या लहरींचा 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा विनापरवाना खुला झाला तो 2005 मध्ये. त्या काळात वायफाय कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारे सॉफ्टवेअर, सीडीवर मिळे आणि एकदा टाकला की वर्षानुवर्षे तोच राही. 2015 मध्ये विंडोज 10 आले आणि घरगुती संगणकांवर अपडेट आपोआप उतरू लागले, त्यांच्यासोबत ड्रायव्हरही. चिप एकाची, लॅपटॉप दुसऱ्याचा, ऑपरेटिंग सिस्टीम तिसऱ्याची, आणि राउटर मात्र बसवला त्या दिवशीच्याच फर्मवेअरवर, म्हणजे अंगभूत सॉफ्टवेअरवर. माझ्या मते बिघाडाचे मूळ या विसंगतीत आहे.

नवा ड्रायव्हर आला की आपण बदललेल्या सेटिंग्ज पुन्हा मूळ स्थितीत जाऊ शकतात. चिऱ्याच्या जाड भिंतींच्या घरात याचा फटका जास्त. वायफायच्या दुसऱ्या, 5 गिगाहर्ट्झच्या पट्ट्याची लहर भिंतीत लवकर क्षीण होते, म्हणून आतल्या खोलीत बसणाऱ्याने 2.4 ला पसंती दिलेली असते. ती पसंती पुसली गेली की लॅपटॉप 5 ला चिकटून राहतो आणि सिग्नल असूनही वेग मिळत नाही. वीजबचतीचा पर्यायही असाच गुपचूप परत चालू होऊ शकतो.

सुरक्षेचा धागा याहून जुना. 2001 मध्ये वायफायवरची माहिती गुप्त ठेवणारी वेप ही पद्धत फोडता येते हे सिद्ध झाले. तात्पुरती सोय म्हणून 2003 मध्ये डब्ल्यूपीए या नव्या सुरक्षा पद्धतीसोबत टीकेआयपी हे कूटीकरण आले, 2004 मध्ये डब्ल्यूपीए2 मधून एईएस हे अधिक भक्कम कूटीकरण. 2009 च्या 802.11एन मानकाने वेप आणि टीकेआयपीवर वरचे वेग वापरायला मनाई केली. त्यामुळे लिंक स्पीड, म्हणजे लॅपटॉप आणि राउटरमधल्या जोडणीचा वेग, सेकंदाला 54 मेगाबिटवर अडकलेला दिसला, तर राउटर अजून टीकेआयपीवर आहे का हे सर्वांत आधी पाहावे. 2019 पासून विंडोज अशा नेटवर्कबद्दल इशाराही देते.

काही वेळा दोष रेडिओत नसतोच. 2014 मध्ये मॅक संगणकांच्या योसेमिटी या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये ॲपलने नेटवर्कवरची नावे शोधणारा एमडीएनएसरिस्पॉन्डर काढून डिस्कव्हरीडी आणला. तक्रारींचा पूर आला आणि जून 2015 मध्ये 10.10.4 या अपडेटसोबत जुना भाग परत बसवला गेला. सिग्नलच्या पट्ट्या पूर्ण दिसत असताना पाने न उघडणे म्हणजे काय, याचे हे ठळक उदाहरण.

म्हणून नव्या राउटरवर पैसे घालण्याआधी राउटरजवळ उभे राहून लॅपटॉप आणि मोबाईल दोन्हींचा वेग तपासावा, सुरक्षा एईएसवर आणावी, मग विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमधून ड्रायव्हर आधीच्या आवृत्तीवर मागे न्यावा. 'रोल बॅक'चे बटण फिकट दिसत असेल तर लॅपटॉप कंपनीच्या संकेतस्थळावरून आधीचा ड्रायव्हर उतरवून बसवता येतो.