शेक्सपिअरच्या भाषेची शिकवणी: तळटीपेपासून तालमीपर्यंत

राजाचा खून करून आलेला मॅकबेथ स्वतःच्या हातांकडे पाहत उभा आहे. अख्खा समुद्र ओतला तरी हे रक्त निघणार नाही, उलट हे हातच समुद्राला रंगवतील, असं त्याला म्हणायचंय. त्यासाठी तो 'मल्टिट्यूडिनस' आणि 'इन्कार्नाडिन' असे दोन भारदस्त शब्द काढतो आणि पुढच्याच ओळीत तेच साध्या, घरगुती इंग्रजीत सांगतो: हिरव्याचं सगळं लाल.

म्हणजे अवघड शब्दाचा अर्थ सांगणारा पहिला माणूस नाटककारच होता. हे नाटक १६०६च्या सुमारास लिहिलेलं. इंग्रजी शब्दाचा इंग्रजीतच अर्थ देणारा पहिला छापील कोश जेमतेम दोन वर्षांपूर्वी, १६०४ साली निघाला होता. रॉबर्ट कॉड्री नावाच्या शाळामास्तरांनी केलेल्या त्या कोशात अडीच हजारांच्या आसपास शब्द होते. लॅटिन-फ्रेंचमधून नवे शब्द धो धो येत होते आणि नाटक पाहायला आलेल्यांपैकी कित्येकांनी ते आयुष्यात पहिल्यांदाच रंगमंचावरून ऐकले असणार. शेक्सपिअरची भाषा 'जुनी' म्हणून अवघड, असं आपण धरून चालतो. त्या प्रेक्षकांना ती नवी म्हणून अवघड होती.

१६२३ साली जॉन हेमिंग आणि हेन्री कॉन्डेल या त्याच्या दोन सहकारी नटांनी ३६ नाटकांचा जाडजूड ग्रंथ छापला. त्यात टीप एकही नाही. प्रस्तावनेत सल्ला एवढाच: वाचा, पुन्हा वाचा, आणि पुन्हा. तरीही आवडला नाही, तर तो तुम्हाला न कळण्याचा धोका उघड आहे. मग, गरज पडली तर त्याचे इतर मित्र तुमचे 'गाइड' होतील, असंही ते सांगतात. शब्द त्यांनी हाच वापरलाय. परीक्षेच्या आदल्या रात्री गाइड उशाशी घेऊन झोपलेल्या पिढ्यांना हे वाचून बरं वाटावं.

गाइडांची गरज लवकरच पडली. १६७९ साली, म्हणजे शेक्सपिअर जाऊन ६३ वर्षंच झाली असताना, कवी ड्रायडन तक्रार करतो की दरम्यानच्या काळात भाषा इतकी सुधारली आहे, की शेक्सपिअरचे बरेच शब्द आणि त्याहून जास्त वाक्प्रयोग धड कळत नाहीत. त्याचा उपाय सरळ होता: नाटकच नव्याने लिहून काढायचं. 'ट्रॉयलस अँड क्रेसिडा'चं त्याने तेच केलं.

अठराव्या शतकातले संपादक वेगळ्या वाटेने गेले. १७०९ साली निकोलस रो यांनी पात्रांच्या याद्या घातल्या, अंक आणि प्रवेश नीट पाडले. १७२५च्या आवृत्तीत अलेक्झांडर पोपला जे उतारे हलके वाटले, ते त्याने मूळ मजकुरातून काढून पानाच्या तळाशी टाकले. तळटीपेच्या जागी खुद्द शेक्सपिअर! पुढच्याच वर्षी लुईस थिओबाल्डने पोपच्या चुका दाखवणारं अख्खं पुस्तक काढलं. 'हेन्री द फिफ्थ'मध्ये म्हातारा फॉलस्टाफ मरतो त्या प्रसंगात छापील प्रतीत 'हिरव्या शेतांचं टेबल' असं काहीतरी अर्थहीन होतं. तिथे मूळ शब्द 'बॅबल्ड' असावा, म्हणजे मरणाऱ्या माणसाने हिरव्या शेतांबद्दल काहीबाही बरळलं असावं, असं थिओबाल्डने सुचवलं. तेच आजही बहुतेक आवृत्त्यांत छापतात.

आधी शब्दकोश आणि मग १७६५ साली शेक्सपिअरची आवृत्ती काढणाऱ्या डॉ. सॅम्युअल जॉन्सनने या टीपाकारांना, म्हणजे स्वतःलाही, सुनावलं. टीपा बऱ्याचदा लागतात, पण त्या लागणारी पीडाच आहेत, असं तो म्हणतो. नवख्या वाचकाने प्रत्येक नाटक पहिल्या प्रवेशापासून शेवटच्यापर्यंत टीपाकारांकडे ढुंकूनही न बघता वाचावं, टीपा नंतर. अडीचशे वर्षं झाली, वर्गात नेमकं उलटं चालतं.

अर्थात जॉन्सनच्या नजरेसमोर वर्ग नव्हताच. तेव्हाच्या शाळांत लॅटिन आणि ग्रीक शिकवत. इंग्रजी नाटक हा अभ्यासाचा विषय व्हायला एकोणिसावं शतक उजाडावं लागलं. त्यात परीक्षांचा वाटा मोठा आहे. १८५५ साली लंडनमध्ये भारतातल्या सनदी नोकऱ्यांसाठी खुली स्पर्धा परीक्षा सुरू झाली, तिच्यात इंग्रजी साहित्य हा विषय होता. परीक्षा म्हटली की गुण आले, आणि गुण द्यायचे तर बरोबर-चूक ठरवता येईल असं काहीतरी हवं. शब्दाची व्युत्पत्ती, जुनं व्याकरण, 'संदर्भासह स्पष्टीकरण' हे त्यासाठी सोयीचं. ऑक्सफर्डच्या क्लॅरेंडन प्रेसने एकेका नाटकाच्या टीपांसह आवृत्त्या काढायला सुरुवात केली. १८६९ साली सिटी ऑफ लंडन स्कूलचे मुख्याध्यापक एडविन अ‍ॅबट यांनी शेक्सपिअरचं व्याकरण लिहिलं, तेही शाळांसाठी. पाठोपाठ १८७४-७५ मध्ये अलेक्झांडर श्मिट या जर्मन शिक्षकाने शेक्सपिअरच्या प्रत्येक शब्दाचा दोन खंडांचा कोश पूर्ण केला. ही दोन्ही पुस्तकं अभ्यासक अजून उघडतात.

भारतात याला आणखी धार आली. आग्रा कॉलेजचे प्राचार्य राहिलेले के. डेटन यांनी मॅकमिलनसाठी केलेल्या आवृत्त्या आपल्याकडच्या कॉलेजांत वर्षानुवर्षं चालल्या. त्यांत टीपांची पानं नाटकाइतकीच, कधी त्याहून जास्त. जवळजवळ प्रत्येक ओळीचा गद्य अर्थ तयार, त्यामुळे पाठ करायलाही सोपा. मात्र त्याच काळातल्या मराठी विद्वानांनी शेक्सपिअर टीपांपुरता ठेवला नाही. आगरकरांनी 'हॅम्लेट'वरून 'विकारविलसित' केलं (१८८३), फर्ग्युसनचे प्राध्यापक वासुदेव बाळकृष्ण केळकर यांनी 'द टेमिंग ऑफ द श्रू'वरून 'त्राटिका' लिहिलं, आणि शाहूनगरवासी मंडळीत गणपतराव जोशींचा हॅम्लेट पाहायला गर्दी लोटली. त्या गर्दीत डेटन न वाचलेलेच जास्त असणार.

इंग्लंडमध्ये टीपांचा कंटाळा येऊ लागला तो विसाव्या शतकात. केंब्रिजच्या पर्स स्कूलमधले हेन्री कॉल्डवेल कुक मुलांकडून वर्गातच नाटकं करवून घेत. १९१७ साली त्यांनी या 'खेळून शिकण्या'वर पुस्तक लिहिलं. पण ही पद्धत खरी पसरली १९८०नंतर. वॉशिंग्टनच्या फोल्जर ग्रंथालयाने १९८४ साली शिक्षकांसाठी वर्ग सुरू केले. केंब्रिजमध्ये रेक्स गिब्सन यांनी १९८६ साली 'शाळांमधला शेक्सपिअर' हा प्रकल्प हाती घेतला. रॉयल शेक्सपिअर कंपनीत सिसिली बेरी अनेक दशकं नटांच्या आवाजाच्या तालमी घेत होत्या, त्यातल्या युक्त्या हळूहळू वर्गात उतरल्या. उदाहरणार्थ, भाषण म्हणत चालायचं आणि विरामचिन्ह आलं की दिशा बदलायची. शांत पात्राचं भाषण असेल तर मूल सरळ चालत जातं. बिथरलेल्या पात्राचं असेल तर जागच्या जागी गरगरतं. वाक्यरचनेचा हा धडा पायांना कळतो, फळ्यावर उद्देश्य-विधेय पाडून कळत नाही.

तरी पायांना सगळं कळत नाही. भाषातज्ज्ञ डेव्हिड क्रिस्टल आणि त्यांचा नट मुलगा बेन यांनी २००२ साली काढलेल्या कोशात एक वर्ग मला सगळ्यात उपयोगी वाटतो: ओळखीचा चेहरा घेऊन फसवणारे शब्द. 'इन्कार्नाडिन'ला मूल अडतं, कोश उघडतं. 'प्रेझेंटली'ला अडतच नाही, पण तिथे बहुतेकदा अर्थ 'ताबडतोब' असतो. 'स्टिल' म्हणजे 'नेहमी', 'नॉटी' म्हणजे खोडकर नव्हे, दुष्ट. हॅम्लेट म्हणतो, मला जो 'लेट' करेल त्याचं भूत करीन. इथे 'लेट' म्हणजे अडवणं, आजच्या अर्थाच्या बरोबर उलट. ज्युलिएटचं 'वेअरफोर' म्हणजे 'कुठे' नव्हे, 'का'. संस्कृतातली 'शिक्षा' मराठीत येऊन दंड झाली, तशातलाच प्रकार.

उच्चारांचंही तेच. २००४ साली लंडनच्या ग्लोब नाट्यगृहात 'रोमिओ अँड ज्युलिएट'चे काही प्रयोग त्या काळच्या उच्चारांत झाले, डेव्हिड क्रिस्टल यांच्याच मार्गदर्शनाखाली. प्रास्ताविकातला 'लॉइन्स' हा शब्द तेव्हा 'लाइन्स'सारखाच ऐकू येई. कूस आणि वंशरेषा असे दोन्ही अर्थ एकदम. आजच्या उच्चारात त्यातला एक नाहीसा झालाय.

दुसरीकडे ड्रायडनचा उपायही परत आलाय. २००३पासून डाव्या पानावर मूळ आणि उजव्या पानावर आजचं इंग्रजी अशी पुस्तकं सर्रास मिळतात. २०१५ साली अमेरिकेतल्या ऑरेगन शेक्सपिअर फेस्टिव्हलने ३६ नाटककारांना ३९ नाटकं आजच्या इंग्रजीत आणायला सांगितली तेव्हा मोठा वाद झाला. अडलेल्या मुलाने उजवं पान वाचलं तर माझी हरकत नाही. ते वाचून डावीकडे परत येत नाही, ही अडचण. आणि उजव्या पानावर एक गोष्ट मावतच नाही: 'दाऊ' (तू) आणि 'यू' (तुम्ही).

हा भेद तेव्हा जिवंत होता, बोचरा होता. १६०३ साली वॉल्टर रॅलीवरच्या राजद्रोहाच्या खटल्यात सरकारी वकील एडवर्ड कोक भर कोर्टात त्याला 'दाऊ' म्हणाला, आणि मी तुला मुद्दाम अरे-तुरे करतोय हेही वर सुनावलं. 'ट्वेल्फ्थ नाइट'मध्ये सर टोबी मित्राला शिकवतो की आव्हानाच्या पत्रात प्रतिस्पर्ध्याला दोन-तीनदा 'दाऊ' म्हटलंस तर बिघडणार नाही. इंग्रज मुलाला हे समजावायला अ‍ॅबटना १८६९ सालीच जर्मन 'डू'चा दाखला द्यावा लागला होता. मराठी मुलाला तो लागत नाही.

'हॅम्लेट'च्या तिसऱ्या अंकात राणीच्या महालातला प्रवेश आहे. आई म्हणते, हॅम्लेट, तू आपल्या वडिलांना फार दुखावलंयस. तिथे 'दाऊ' आहे, आणि वडील म्हणजे सावत्र वडील, काका. मुलगा तेच वाक्य फिरवून उलटवतो: आई, तुम्ही माझ्या वडिलांना फार दुखावलंय. आता 'यू'. आजच्या इंग्रजीत दोन्ही ओळींत एकच सर्वनाम येतं. पण खरी गंमत तिसऱ्या ओळीत आहे. आई लगेच 'दाऊ' सोडते आणि पोटच्या पोराला 'यू' म्हणते: पुरे पुरे, काहीच्या काही उत्तरं देताय तुम्ही.