बुचापासून फोमपर्यंत: सायकलच्या मुठीची पार्श्वभूमी

धुळ्याच्या आग्रा रोडवरून आत शिरणाऱ्या एका गल्लीत सायकल दुरुस्तीचं जुनं दुकान आहे. मे महिन्यात भाचीच्या सायकलला फोमच्या ग्रिपा बसवायला तिथे गेलो होतो. जुन्या प्लास्टिकच्या मुठी उन्हाने चिकट झाल्या होत्या आणि रोज शाळेत पोचेपर्यंत तिचे तळवे काळे व्हायचे. मिस्तरी सत्तरीच्या घरातले, सगळे त्यांना आप्पा म्हणतात. त्यांनी जुन्या मुठी ब्लेडने उभ्या चिरून सोलून काढल्या, दांड्यावरचा गंज पॉलिश पेपरने घासला, कोरड्या फडक्याने पुसला. मग फोमच्या नळीचं एक तोंड अंगठ्याने बंद करून आत चमचाभर स्पिरिट ओतलं, दुसऱ्या तोंडावर बोट दाबून नळी खुळखुळवली, उरलेलं स्पिरिट दांड्यावर ओतलं आणि एका दमात, मध्ये कुठेही न थांबता, नळी शेवटपर्यंत सरकवली. मी घरून खोबरेल तेलाची बाटली नेली होती. तिच्याकडे बघून म्हणाले, "तेल नको लावू भाऊ, मूठ फिरत राही."

मूठ चढताना निसरडी हवी आणि चढली की जागची हलता कामा नये, हा पेच सायकलच्या जन्मापासूनचा आहे. घरी आल्यावर मी त्याच्या मागे लागलो.

कार्ल फॉन ड्राइस यांनी १८१७ मध्ये जर्मनीतल्या मानहाइममध्ये पहिली दुचाकी चालवली तेव्हा तिला पायडल नव्हतं. पायाने जमीन ढकलत जायचं. पण हाताची सोय तेव्हाही केलेली होती. पुढे कोपरापासूनचा हात टेकायला एक आडवी फळी होती आणि तिच्यावर गादी होती. १८६० च्या दशकात पॅरिसमध्ये मिशो यांच्या कारखान्यातून पायडलच्या सायकली निघू लागल्या. लाकडी चाकांना लोखंडी धावा, खाली दगडी रस्ते. इंग्रजांनी त्या सायकलचं नाव 'हाडं खिळखिळी करणारी' असं ठेवलं. तिचा ब्रेक मला फार महत्त्वाचा वाटतो. हँडलचा दांडाच मुठी धरून पिळायचा, म्हणजे दोरी ताणली जाऊन मागच्या चाकावर ठोकळा दाबला जायचा. मूठ दांड्यावर सैल असेल तर ती नुसती हातात फिरणार आणि ब्रेक लागणारच नाही. मुठीची पकड हा तेव्हापासूनच जिवाचा प्रश्न होता.

पुढे मोठ्या चाकाच्या उंच सायकली आल्या. त्यांच्या मुठी लाकडाच्या, शिंगाच्या किंवा कडक रबराच्या असत. चार्ल्स गुडइयर यांनी गंधक घालून रबर पक्कं करण्याच्या कृतीचं पेटंट १८४४ मध्ये घेतलं होतं. गंधक जास्त घातलं की रबर शिसवीसारखं काळं, टणक होतं. मुठीला ते वापरलं जाई. दिसायला देखणं, हाताला मात्र लाकडाइतकंच कठीण. साखळीने मागचं चाक फिरवणारी, स्टार्ली यांची रोव्हर सायकल १८८५ ची, डनलॉप यांचा हवेचा टायर १८८८ चा. या दोन गोष्टींनी आपण आज ओळखतो ती सायकल तयार झाली आणि धक्के बरेच कमी झाले, पण संपले नाहीत.

आणि मग आलं बूच. मुठीच्या इतिहासातला हा टप्पा मला सगळ्यात आवडतो, कारण पहिली फोमची मूठ हीच म्हणायला हवी. पोर्तुगाल-स्पेनकडच्या एका ओक झाडाची साल म्हणजे बूच. रॉबर्ट हूक यांनी १६६५ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली बुचाचा पातळ काप पाहिला तेव्हा त्यांना बंद खोल्यांसारखे असंख्य कप्पे दिसले. पेशीला इंग्रजीत जो शब्द आहे तो तिथूनच रूढ झाला. प्रत्येक कप्प्यात हवा, आणि कप्प्याची भिंत चहूबाजूंनी बंद. दाबलं की हवा आकसते, सोडलं की पुन्हा फुगते, पाणी आत शिरत नाही, हाताला ना गार ना गरम. १८९० च्या दशकात बुचाच्या मुठी सायकलीवर आल्या. आज फोमची ग्रिप जे काम करते ते बुचाने तेव्हाच करून दाखवलं होतं. दोष एवढाच की बूच तुटतं, तुकडे पडतात आणि ताणून चढवता येत नाही. ते चिकटवावंच लागतं.

आपल्याकडे स्वातंत्र्याआधी सायकली बहुतेक इंग्लंडहून यायच्या. स्वातंत्र्यानंतर आयातीवर निर्बंध आले आणि कारखाने इथे उभे राहिले: मद्रासजवळ टीआय सायकल्स १९४९ मध्ये, सोनीपतला अ‍ॅटलस १९५१ मध्ये, लुधियानाला हीरो १९५६ मध्ये. लुधियाना तर सुट्या भागांचं माहेरघरच झालं. खानदेशात ज्या काळ्या, चोवीस-इंची नाहीतर मोठ्या दांडीच्या सायकली फिरल्या त्यांच्या मुठी साध्या रबराच्या किंवा प्लास्टिकच्या होत्या. कंपनीची मूठ दोन-तीन उन्हाळ्यांत जायची. मग लोक आपापला उपाय करत. जुन्या ट्यूबचा वीतभर तुकडा कापून दांड्यावर चढवणे हा सर्वांत पक्का उपाय. ट्यूब ताणून बसते, फिरत नाही. पहाटे दूध घेऊन गावातून शहरात येणारे लोक थंडीत त्यावर चिंध्या गुंडाळत, कारण धुळ्यात जानेवारीत पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो आणि स्टीलचा दांडा तेव्हा हाताला चावतो. आमच्या शेजारचे नाना सुतळीने दांडा असा एकसारखा गुंडाळत की बघत राहावं. मुलांच्या सायकलींना प्लास्टिकच्या रंगीत झिरमिळ्या लावलेल्या मुठी असत. त्या झिरमिळ्यांसाठी मी घरी किती हट्ट केला होता, ते अजून आठवतं.

प्लास्टिकची मूठ म्हणजे बहुतेक वेळा पीव्हीसी. जळगावची ओळख असलेले शेतीचे पाइप ज्याचे, तेच हे प्लास्टिक. मुळात ते पाइपासारखं कडक असतं. अमेरिकेत वाल्डो सीमन यांनी १९२६ मध्ये त्यात तेलकट द्रव मिसळून ते मऊ करण्याची युक्ती शोधली, आणि रेक्झिनपासून मुठीपर्यंत सगळं त्यातून निघालं. पण हा द्रव प्लास्टिकमध्ये कायमचा बांधलेला नसतो. उन्हाने, घामाने तो हळूहळू बाहेर झिरपतो. आधी मूठ चिकट होते, नंतर कडक होऊन तडकते. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. तिथे दुपारभर उन्हात उभ्या असलेल्या सायकलीची मूठ चिकट झाली तर नवल काय? माझ्या भाचीच्या हाताला लागणारा काळा रंग यातूनच येत होता.

फोमची ग्रिप आली ती १९७० च्या दशकात, अमेरिकेत. तिथे त्या दशकाच्या सुरुवातीला सायकलींची मोठी लाट आली. १९७३ या एका वर्षात दीड कोटींच्या आसपास सायकली विकल्या गेल्या. १९७६ मध्ये देशाच्या द्विशताब्दीनिमित्त पश्चिम किनाऱ्यावरच्या ऑरेगॉनपासून पूर्वेकडच्या व्हर्जिनियापर्यंत सायकलची मोठी सफर निघाली आणि चार हजारांवर लोक तिच्यात सामील झाले. रोज लांबचा पल्ला, आठवडेच्या आठवडे. अशा प्रवासात आधी तक्रार करतात ते तळहात. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होतं, मुंग्या येतात, घास धरताना बोटं नीट जुळत नाहीत. करंगळीच्या बाजूने मनगटातून एक नस जाते. ती ज्या अरुंद वाटेने जाते तिचं वर्णन फ्रेंच शल्यविशारद गियाँ यांनी १८६१ मध्ये केलं होतं. वाकून सायकल चालवताना अंगाचा भार नेमका त्या जागेवर येतो आणि खालून रस्त्याची थरथर येते. कठीण मुठीवर हा दाब एका बिंदूवर पडतो. फोम दबतो, पसरतो आणि तोच भार तळव्याच्या मोठ्या भागावर वाटून देतो. दिलासा मिळतो तो एवढ्यामुळेच. हँडल फार खाली असेल तर कितीही जाड फोम लावला तरी बोटं बधिर होणारच, हेही सांगायला हवं.

हा फोम बहुधा नायट्राइल रबर आणि पीव्हीसी यांच्या मिश्रणाचा असतो. मिश्रणात अशी एक भुकटी घालतात जी तापवली की वायू सोडते. साच्यातून बाहेर पडलेली नळी भट्टीत भाकरीसारखी फुगते आणि आत बुचासारखेच बारीक बंद कप्पे तयार होतात. घरी स्प्लिट एसी असेल तर तांब्याच्या पाइपवर चढवलेली काळी मऊ नळी बघा. ती याच कुळातली. हँडलचा दांडा सात-अष्टमांश इंच, म्हणजे २२.२ मिलिमीटर जाड असतो. एसीच्या कामाच्या दुकानात आतून पाऊण इंची नळी मिळते. ती दांड्यावर घट्ट बसते. ग्रिपपेक्षा ती विरळ असते, वर्षभरात फाटते, पण कडाक्याच्या थंडीत पेपर टाकणाऱ्या मुलाला तेवढं वर्षही पुष्कळ.

आपल्याकडे फोम आला तो गिअरच्या आणि रेंजर पद्धतीच्या जाड टायरच्या सायकलींबरोबर. आठवीत असताना मी माझ्या सायकलला लाल फोमच्या ग्रिपा स्वतः बसवल्या होत्या. नळी चढेना म्हणून आईच्या डब्यातलं शेंगदाण्याचं तेल लावलं, आणि काय सहज चढली! तीन दिवसांनी मित्रांबरोबर लळिंग घाट उतरताना डावी मूठ आख्खी हातात आली. कोपर सोलवटलं, गुडघा फुटला, आणि ट्रक मागे होता म्हणून बरं, पुढून आला असता तर हे लिहायला मी नसतो. आप्पांचं वाक्य ऐकलं आणि तो घाट डोळ्यापुढे उभा राहिला.

तेलाचा दोष असा की ते उडून जात नाही. बंद कप्प्यांचा फोम ते पीतही नाही, म्हणून ते दांडा आणि फोम यांच्या मध्ये कायमचं राहतं. स्पिरिट क्षणभर तेलासारखंच निसरडं असतं आणि काही तासांत उडून जातं. मग ताणलेला फोम दांड्याला आवळून बसतो. साबणाचं पाणीही चालतं, फक्त ते वाळायला रात्र जाते आणि साबण जास्त झाला तर पावसाळ्यात पुन्हा मूठ फिरते. घरचं सॅनिटायझर घ्यायचं तर पातळ घ्यावं. जेलमध्ये जो चिकटा असतो तो मागे राहतो. पेट्रोल वापरणारे मिस्तरी आहेत, पण बिडी पेटवणाऱ्यांच्या गर्दीत ते उघडं ठेवणं मला पटत नाही. पंक्चरच्या दुकानात कॉम्प्रेसर असेल तर सगळ्यांत उत्तम. फोमच्या कडेखाली हवेची नळी सरकवून हवा सोडली की मूठ हवेच्या थरावर तरंगते, बोटाने ढकलली तरी जाते, आणि हवा बंद केली की जागीच थांबते. काही लागतच नाही, वाळायलाही काही नाही. जुनी मूठ न चिरता काढायचीही हीच रीत.

स्पिरिट लावलं की मध्ये थांबणं तेवढं नको. नळी अर्ध्यावर थांबली की स्पिरिट उडायला लागतं आणि ती तिथेच धरते. मग पिळून ओढताना फोम फाटतो. शिवाय दांड्याच्या उघड्या तोंडाला बूच, म्हणजे टोपण, लावायला विसरू नये. पडल्यावर उघड्या दांड्याची धार पोटात घुसून मुलांना गंभीर इजा होऊ शकते. आणि पावसाचं पाणी त्या तोंडातून आत गेलं तर फोमखाली दांडा गंजतो, वरून काहीच दिसत नाही.

राज्य सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून खानदेशातल्या अनेक तालुक्यांत शाळेतल्या मुलींना सायकली मिळाल्या. गावातून शाळेपर्यंत चार-पाच किलोमीटर, येऊन-जाऊन दहा, त्यात निम्मा रस्ता उखडलेला. भाचीचाही रस्ता तसाच आहे.

आप्पांनी दोन्ही टोकांना बुचं ठोकली, सायकल सावलीला भिंतीशी लावली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी यायला सांगितलं. सकाळी भाचीने दोन्ही मुठी जोर लावून पिळून पाहिल्या, त्या तसूभर हलल्या नाहीत. नवी फोमची मूठ जुनीपेक्षा बोटभर लांब असल्याने घंटी मात्र आत सरकवावी लागली, तेवढ्यासाठी आप्पांनी पुन्हा पाना घेतला.