युकाचा कीस, कसाबेची भाकरी आणि ताइनोंचं वर्ष

पुण्यात मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात शून्य सावलीचा दिवस येतो. त्याच सुमारास कॅरिबियन समुद्रातल्या पोर्तो रिको बेटावर, डोंगरातल्या उतुआदो गावीही भर दुपारी सावली पायाखाली जाते, कारण दोन्ही ठिकाणं 18 अंश उत्तर अक्षांशाच्या जरा वर आहेत. पाऊस मात्र आपल्यासारखा नाही. तिथे तो मे महिन्यात येतो, जून-जुलैत ओसरतो आणि ऑगस्ट ते नोव्हेंबर पुन्हा जोर धरतो. वादळांचा ऐन भर सप्टेंबरात. 1492 साली कोलंबस पोहोचला तेव्हा या आणि आसपासच्या बेटांवर राहणाऱ्या ताइनो लोकांचे सण आणि कामं या पावसाभोवती आणि युका नावाच्या कंदाभोवती फिरत होती. आपण उपासाला ज्याचा साबुदाणा खातो, तोच हा कंद.

ताइनो नांगर चालवत नव्हते. कोनुको म्हणजे त्यांचं शेत. त्यात ते साधारण गुडघाभर उंचीचे मातीचे गोल ढीग रचत आणि प्रत्येकात युकाच्या खोडाचे तुकडे खोचत. ढिगात पाणी साचत नाही, त्यामुळे कंद कुजत नाही. वादळाने वरचा पाला झोडपला तरी खालचं अन्न शाबूत राहतं. याच शेतात तीन टोकांचे कोरीव दगड पुरले जात. हे सेमी, म्हणजे देवतेचं रूप आणि तिची शक्तीही. युका देणाऱ्या युकाहूशी अभ्यासक त्यांचा संबंध जोडतात. पावसाचा सेमी बोइनायेल आणि उघडिपीचा मारोहू, ही जोडी एका गुहेत असे. पाऊस लांबला की लोक तिथे दर्शनाला जात. ही नोंद रामोन पाने या धर्मोपदेशकाने 1498 च्या सुमारास, ताइनोंमध्ये राहून केली.

युका जमिनीत महिनोन्‌महिने टिकतो, पण उपटल्यावर दोन-तीन दिवसांतच आतून निळसर-काळा पडू लागतो. म्हणजे एकदा काढला की सगळा उरकायलाच हवा. ताइनोंचं सामूहिक जगणं समजून घ्यायचं तर मी देवळाआधी या घाईकडे बघेन.

त्यात कडू युका विषारी. त्याच्या पेशींत लिनामरिन नावाचं संयुग असतं आणि ते फोडणारं विकर पेशीभित्तीत, वेगळं ठेवलेलं. कंद किसला की दोघांची गाठ पडते आणि हायड्रोजन सायनाइड सुटतं. म्हणून कीस जितका बारीक तितका चांगला. लाकडी फळीत दगडाच्या बारीक कपच्या ठोकलेली किसणी वापरत. कंद न किसता थेट उकळत्या पाण्यात टाकला, तर विकर आधी निकामी होतं आणि उष्णतेला दाद न देणारं लिनामरिन तसंच पोटात जातं. दुष्काळात विषाचं प्रमाण वाढतं. आफ्रिकेत अशा वर्षांत घाईघाईने केलेल्या कसाव्यामुळे, म्हणजे याच युकामुळे, पायांचा कायमचा लुळेपणा आलेला आहे.

कीस मग सिबुकानमध्ये भरायचा. ही वेताची किंवा पानाच्या धाग्यांची विणलेली लांब नळी. ती फांदीला टांगून खालच्या टोकाला वजन द्यायचं: नळी लांबते, अरुंद होते आणि रस पिळून निघतो. रस विषारी, पण फेकत नसत. तो खळखळ उकळला की सायनाइड उडून जातं आणि रस कालवणाच्या कामी येतो. पिळलेला कीस मोडून, चाळून, बुरेन या जाड मातीच्या तव्यावर पसरायचा. पीठ मळायचं नाही, पाणीही घालायचं नाही. उरलेल्या ओलाव्यातच स्टार्च फुगून कण एकमेकांना धरतात. कीस फार कोरडा असेल तर भाकरीचा भुगा होतो. ओला राहिला तर तव्याला चिकटतो आणि पुढे बुरशी धरतो. कड सुटली की उलटायची, मग उन्हात कडक वाळवायची. असा कसाबे, म्हणजे ही भाकरी, महिनोन्‌महिने टिकतो. डोमिनिकन प्रजासत्ताकात आज किसणी विजेवर चालते आणि सिबुकानच्या जागी दाबयंत्र आलंय, टप्पे तेच. 2024 साली युनेस्कोने कसाबेची परंपरा आपल्या वारशाच्या यादीत घेतली.

हा कसाबे उत्सवातही मध्यभागी असे. सोळाव्या शतकातल्या स्पॅनिश वर्णनांप्रमाणे लोक आधी घशात चपटी काठी घालून ओकारी काढत, म्हणजे शुद्ध होऊन सेमीपुढे जात. अर्पण केलेल्या भाकरीचे तुकडे पुजारी घरोघरच्या कर्त्यांना देत आणि ते वर्षभर जपून ठेवले जात. कोहोबा हा मात्र मोजक्यांचा विधी: एका झाडाच्या भाजलेल्या बियांची पूड दुतोंडी नळीने नाकात ओढून कासिक, म्हणजे प्रमुख, किंवा बेहिके, म्हणजे वैद्य-पुजारी, सेमीचा कौल घेई. त्या बियांत बुफोटेनिन हे भ्रम निर्माण करणारं द्रव्य असतं.

बाकी सगळ्यांचा सोहळा म्हणजे अरेइतो. पुढचा गायक ओळ म्हणे, हातात हात धरलेले लोक तीच ओळ पावलांच्या ठेक्यावर परत म्हणत. साथीला पोकळ ओंडक्याचा ढोल आणि खुळखुळे. तीन-चार तास सहज जात, कधी दुसरा दिवस उजाडे. लिपी नसलेल्या समाजाची वंशावळ आणि पराक्रम यातच साठवलेले. जागा असे बातेय: दगडांनी बांधलेलं सपाट अंगण, जिथे रबराच्या चेंडूचा खेळही चाले. चेंडूला हात लावायचा नाही. खांदा, कोपर, कंबर, डोकं चालेल. उतुआदोजवळच्या कागुआनात अशी अनेक अंगणं आहेत. तिथल्या एका शिळेवर बेडकासारखे पाय फाकलेली स्त्री कोरलेली आहे. अनेक जण तिला जलमाता अताबेय मानतात.

रोगांच्या साथी, सक्तीची मजुरी आणि हिंसा यांनी काही दशकांतच हा समाज मोडला. ताइनो पार संपले, असं मात्र म्हणता येत नाही. पोर्तो रिकोतल्या एका अभ्यासात सुमारे 61 टक्के लोकांचा मायटोकॉन्ड्रियल डीएनए मूळ अमेरिकन निघाला. अर्थात त्यातून फक्त आईकडची एक रेषा दिसते. कोणी कसं जगलं ते त्यातून कळत नाही. पोर्तो रिकोत आणि न्यूयॉर्कसारख्या शहरांत आज स्वतःला ताइनो म्हणवणारे गट अयनदिनांना, पेरणी-काढणीच्या वेळी जमतात. त्यांचे विधी जुन्या नोंदी, उत्खनन आणि खेड्यांतल्या घरगुती चालीरीती जुळवून उभे केलेले आहेत. अरेइतोचे मूळ शब्द कोणी लिहून ठेवले नाहीत, त्यामुळे तिथे गायली जाणारी गाणी नव्याने रचलेली असतात.