बालसंगोपन केंद्रातील कर्मचाऱ्यांची पार्श्वभूमी तपासणी (अमेरिका)

डे-केअर, पाळणाघर किंवा पूर्वप्राथमिक केंद्रात काम करणाऱ्या प्रौढ व्यक्तीचा पूर्वेतिहास सरकारी नोंदींमधून पडताळून ती व्यक्ती तेथे काम करण्यास पात्र आहे की नाही, हे ठरवण्याची कायदेशीर पद्धत. अमेरिकेत तिचा पाया ‘चाइल्ड केअर अँड डेव्हलपमेंट ब्लॉक ग्रँट’ या संघीय कायद्यात आहे. मूळ कायदा १९९० चा. १९ नोव्हेंबर २०१४ रोजी त्याला नव्याने मंजुरी मिळाली, तेव्हा सर्व राज्यांसाठी किमान तपासण्या ठरवून देण्यात आल्या. तोपर्यंत प्रत्येक राज्याची रीत निराळी होती. अंमलबजावणीचे तपशील सप्टेंबर २०१६ च्या नियमावलीत आले. राज्यांना यापेक्षा कडक नियम करता येतात आणि अनेकांनी केलेही आहेत.

ही अट फक्त सरकारी अनुदान घेणाऱ्या केंद्रांना लागू होते, असा समज सर्रास आढळतो. तो चुकीचा आहे. राज्याचा परवाना किंवा नोंदणी असलेले केंद्र अनुदानाचा एक डॉलरही घेत नसले, तरी त्याला ती लागू होते. शिक्षिका, मदतनीस, संचालक यांच्याबरोबरच, देखरेखीशिवाय मुलांपर्यंत पोहोचू शकणारा स्वयंपाकी, बसचालक किंवा स्वयंसेवकही तिच्या कक्षेत येतो. केंद्र राहत्या घरी चालत असेल, तर त्या घरातील १८ वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाची तपासणी होते, मग त्याचा मुलांच्या देखभालीशी संबंध असो वा नसो. सांभाळणारी व्यक्ती सर्वच मुलांची नातेवाईक असेल, उदाहरणार्थ आजी आपल्या नातवंडांना सांभाळत असेल, तर संघीय अट लागू होत नाही.

‘पार्श्वभूमी तपासणी’ हा शब्द एकवचनी असला, तरी प्रत्यक्षात त्या आठ स्वतंत्र तपासण्या आहेत. संघीय पातळीवर दोन : एफबीआयकडे बोटांच्या ठशांवरून गुन्हेगारी इतिहासाचा शोध आणि लैंगिक गुन्हेगारांच्या राष्ट्रीय नोंदवहीतील शोध. सध्या राहत्या राज्यात तीन : ठशांसह राज्याचे गुन्हेगारी अभिलेख, लैंगिक गुन्हेगारांची राज्य नोंदवही आणि बालछळ व बालदुर्लक्ष यांची नोंदवही. मागील पाच वर्षांत व्यक्ती इतर राज्यांत राहिली असेल, तर त्या प्रत्येक राज्यात हेच तीन शोध पुन्हा घ्यावे लागतात. आंतरराज्य गुन्हेगारी शोधात मात्र ठसे ऐच्छिक आहेत.

इतक्या वह्या चाळाव्या लागतात, कारण एकही वही पूर्ण नाही. राज्यात नोंदलेली प्रत्येक अटक एफबीआयकडे पोहोचतेच असे नाही. किरकोळ गुन्ह्यात पोलिसांनी ठसे न घेता नुसते समन्स दिले, तर ती नोंद स्थानिक पातळीवरच राहते. लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंदवही पोलीस यंत्रणांसाठी आहे. कोणालाही पाहता येणारे सार्वजनिक संकेतस्थळ वेगळे, आणि ते पाहिल्याने ही अट पूर्ण होत नाही. बालछळाच्या नोंदवहीचे स्वरूप तर मुळातच निराळे. तीत न्यायालयीन शिक्षा नसतात. बालसंरक्षण विभागाच्या चौकशीत तथ्य आढळलेल्या तक्रारी असतात. फौजदारी खटला कधीच न झालेली व्यक्तीही तीत सापडू शकते, आणि म्हणूनच मुलांच्या दृष्टीने ही वही फार मोलाची आहे. संघीय कायदा मात्र त्या नोंदीवरून कोणाला आपोआप अपात्र ठरवत नाही. तो निर्णय राज्यावर सोडलेला आहे.

अपात्रतेची कारणे कायद्यात स्पष्ट दिली आहेत. तपासणीला संमती नाकारणे, महत्त्वाच्या बाबीत जाणूनबुजून खोटी माहिती देणे आणि लैंगिक गुन्हेगारांच्या नोंदवहीत नाव असणे ही पहिली तीन. त्यानंतर खून, बालकांवरील गुन्हे, जोडीदारावरील अत्याचार, बलात्कार वा लैंगिक हल्ला, अपहरण, जाळपोळ आणि मारहाण या गंभीर गुन्ह्यांतील शिक्षा येतात. त्यांना कालमर्यादा नाही. अमली पदार्थांचा गंभीर गुन्हा मागील पाच वर्षांत घडला असेल, तरच आड येतो आणि त्यात राज्य प्रकरणनिहाय विचार करू शकते. गुन्हा कायद्याच्या वर्गवारीत सौम्य असला, पण प्रौढपणी एखाद्या मुलावर केलेल्या हिंसेचा असला, तरी व्यक्ती अपात्र ठरते.

अर्ज केंद्रामार्फत राज्याच्या परवाना यंत्रणेकडे जातो आणि बहुतेक अडचणी ठशांपाशी येतात. ठसे लाइव्हस्कॅन या काचेवर बोट ठेवून प्रतिमा घेणाऱ्या यंत्रावर किंवा एफडी-२५८ या शाईच्या कार्डावर घेतात. प्रत्येक बोट नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत फिरवून उमटवायचे असते. दिवसातून अनेकदा हात धुणाऱ्या आणि निर्जंतुक द्रव वापरणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या बोटांवरील रेषा झिजलेल्या असतात, त्यामुळे ठसे नाकारले जातात. काही दिवस आधीपासून रोज मलम लावल्यास फरक पडतो. ऐन ठसे देण्यापूर्वी मात्र लावू नये, काच तेलकट होऊन प्रतिमा पसरते. एफबीआयने ठसे गुणवत्तेच्या कारणावरून दोनदा नाकारले, तर नावावरून शोध घेण्याची विनंती करता येते. ती दुसऱ्या नकारानंतर ९० दिवसांत करावी लागते. ही मुदत हुकली, की सगळे पुन्हा पहिल्यापासून. यंत्रचालकाने परवाना यंत्रणेचा सांकेतिक क्रमांक चुकवला, तर निकाल भलत्याच कार्यालयात जातो आणि केंद्र वाट पाहत राहते. म्हणून पावतीवरील क्रमांक तिथेच ताडून पाहावा.

नावावरून होणाऱ्या शोधात माहेरचे आडनाव, जुनी नावे आणि वेगवेगळी स्पेलिंगे न दिल्यास नोंद निसटते. उलट, समान नावाच्या परक्या व्यक्तीची नोंदही गळ्यात पडते. सर्वाधिक विलंब आंतरराज्य बालछळ नोंदवहीत होतो. प्रत्येक राज्याचा अर्ज वेगळा, शुल्क वेगळे, आणि काही राज्ये नोटरीची सही मागतात. अर्जदाराने पाच वर्षांचे सर्व पत्ते महिन्यांसह पहिल्याच दिवशी लिहून दिले, तर बराच वेळ वाचतो.

राज्याने विनंती मिळाल्यापासून ४५ दिवसांच्या आत तपासणी पूर्ण करायची असते. शुल्क प्रत्यक्ष खर्चाहून अधिक आकारता येत नाही. या काळात उमेदवाराला तात्पुरते काम देता येते. त्यासाठी एफबीआयच्या किंवा राहत्या राज्याच्या ठशांवरील तपासणीपैकी एकीचा अनुकूल निकाल हाती हवा. शिवाय मागील पाच वर्षांत स्वतः पात्र ठरलेली व्यक्ती सतत त्याच्यासोबत असावी लागते. सगळ्या पद्धतीतील हा सर्वांत नाजूक काळ आहे. दुपारी मुले झोपलेली असताना सहकारी ‘पाच मिनिटांत येते’ म्हणून उठते आणि नवा कर्मचारी वर्गात एकटा उरतो. शौचालयात मुलाला कोणी न्यायचे, सुट्टीवरच्या सहकाऱ्याच्या जागी कोण उभे राहणार, हे वेळापत्रकात आधीच नावानिशी लिहिलेले हवे. काही राज्ये ही सवलत देतच नाहीत. कॅलिफोर्नियात मंजुरीपूर्वी व्यक्ती केंद्रात आढळली, तर केंद्राला दिवसाला १०० डॉलर दंड होतो.

निकाल कळवताना राज्य केंद्राला ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ एवढेच सांगते, गुन्ह्याचा तपशील देत नाही. अपात्र ठरलेल्या व्यक्तीला मात्र कोणत्या गुन्ह्यामुळे ते झाले, हे सांगावेच लागते आणि नोंदीच्या अचूकतेविरुद्ध अपील करण्याचा हक्क तिला असतो. जुन्या नोंदींत अटक दिसते, पण पुढे खटला रद्द झाला की सुटका झाली, ते लिहिलेले नसते. अपिलात हा अंतिम निकाल शोधण्याचा प्रयत्न राज्याने करायचा असतो. तरीही अर्जदाराने संबंधित न्यायालयातून निकालाची प्रमाणित प्रत स्वतः आणलेली बरी.

तपासणी किमान दर पाच वर्षांनी करावी लागते. त्याच राज्यात नोकरी बदलणाऱ्याचा आधीचा निकाल पाच वर्षांच्या आतील असेल आणि दोन नोकऱ्यांमध्ये सलग १८० दिवसांहून अधिक खंड नसेल, तर नवी तपासणी लागत नाही. मधल्या काळात अटक झाल्यास ती कळावी म्हणून काही राज्ये एफबीआयची रॅप बॅक सेवा किंवा स्वतःची सूचना यंत्रणा वापरतात. जिथे ती नाही, तिथे नवी नोंद पुढच्या फेरीपर्यंत केंद्राला कळण्याची खात्री नसते.

परदेशातील वास्तव्य या चौकटीबाहेर राहते. इतर राज्यांतील शोध हे केवळ अमेरिकेतील राज्यांपुरते आहेत. दोन वर्षांपूर्वी देशात आलेल्या व्यक्तीचा निकाल ‘पात्र’ आला, तर त्याचा आवाका जवळपास त्या दोन वर्षांपुरताच असतो. अशा उमेदवाराकडून केंद्राने आधीच्या देशातील पोलीस दाखला मागावा आणि पूर्वीच्या मालकांशी स्वतः फोनवर बोलावे. संघीय कायदा या दोन्ही गोष्टींची सक्ती करत नाही.