उधाण आणि भांग : किनाऱ्याने चालत जायचं तर कोणता दिवस?

एका गावाच्या पुळणीवरून, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावरून, निघायचं आणि समुद्राच्या कडेकडेने दिवसभरात पुढची दोन-तीन गावं गाठायची, तर भरती-ओहोटीच्या वेळा बहुतेक जण पाहून निघतात. दिवस उधाणाचा (अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासचा, मोठ्या भरती-ओहोटीचा) आहे की भांगाचा (अष्टमीच्या आसपासचा, बेताच्या भरती-ओहोटीचा), हे मात्र फार थोडे पाहतात. पाहिलं तरी अर्थ असा लावतात की उधाणाला पाणी जास्त म्हणून चालायला वाईट आणि भांगाला पाणी कमी म्हणून चांगलं. यातलं अर्धंच खरं आहे.

उधाणाला पाणी जास्त चढतं, तसंच ते जास्त उतरतंही. भांगाला चढणं बेताचं आणि उतरणंही बेताचं. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य, चंद्र आणि पृथ्वी जवळजवळ एका रेषेत येतात. भरती घडवण्याची सूर्याची ताकद चंद्राच्या निम्म्याहून थोडी कमी, पण त्या दिवशी ती चंद्राच्या ताकदीत मिळते. अष्टमीच्या सुमारास दोघे काटकोनात येतात आणि सूर्याचा जोर चंद्राच्या विरुद्ध जातो. बऱ्याच किनाऱ्यांवर हा परिणाम एक-दोन दिवस उशिरा दिसतो, म्हणून सर्वांत मोठं उधाण पौर्णिमेलाच असेल असं धरून चालू नये.

आता पायाखालचं बोलू. दोन गावांच्या मध्ये बहुधा समुद्रात घुसलेलं डोंगराचं एखादं नाक असतं. उधाणाच्या ओहोटीला त्याच्या पायथ्याशी ओली, घट्ट वाळू उघडी पडते आणि वळसा घालून सहज जाता येतं. भांगाला तीच जागा ओहोटीतही पाण्याखाली राहू शकते, मग वरून डोंगर चढून जाण्याला पर्याय नसतो. उलट भरतीच्या वेळी भांगाला पुळणीवर कोरडा पट्टा बऱ्याचदा शिल्लक राहतो. उधाणाला मात्र लाटा थेट बांधाला किंवा कड्याला लागतात.

खरा धोका वेगात आहे. ओहोटी ते भरती साधारण सव्वासहा तास लागतात, पण पाणी सारख्या गतीने चढत नाही. ढोबळ हिशेब असा की पहिल्या तासात एकूण चढाचा बारावा भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. उधाणाला एकूण चढ ४ मीटर धरला, तर तिसऱ्या तासात पाणी एक मीटर वाढतं. पन्नास मीटरला एक मीटर उतार असलेल्या वाळूवर याचा अर्थ तासात पन्नास मीटर पुळण गेली. भांगाला चढ २ मीटर असेल, तर त्याच तासात पंचवीस मीटर. सपाट वाळूत तर पाणी सखल चरांमधून शिरतं आणि समोर कोरडं दिसत असताना मागची वाट बंद होते. इंग्लंडमधल्या मोरकाम्ब उपसागरात ५ फेब्रुवारी २००४ च्या रात्री शिंपले गोळा करणारे किमान २१ कामगार चढत्या पाण्यात अडकून बुडाले. दुसऱ्या दिवशी पौर्णिमा होती.

खाडीच्या मुखाशीही हाच फरक. उधाणाला पाणी जास्त उतरतं म्हणून पात्र उथळ दिसतं आणि चालत ओलांडायचा मोह होतो. पण तेवढ्याच वेळात जास्त पाणी आत-बाहेर करत असल्याने ओढही जबर असते, आणि ओहोटीची ओढ थेट समुद्राकडे नेते. तिथे होडी असेल तर होडीनेच जावं, नसेल तर पुलाने. हे मी आग्रहाने सांगतो.

आणखी एक गोष्ट फार कमी लोकांच्या लक्षात येते. एकाच किनाऱ्यावर उधाणाची ओहोटी दर वेळी घड्याळात जवळपास त्याच सुमारास येते. ती पहाटे सहाला येत असेल, तर त्या दिवशी भर दुपारी भरती असणार. दोन्ही वेळा रोज सरासरी पन्नास मिनिटांनी पुढे सरकतात, म्हणून आठवड्याने, भांगाच्या दिवशी, ओहोटी दुपारी येते. अशा किनाऱ्यावर उधाणाला अवघड नाक सकाळी लवकर ओलांडून दुपारी गावात थांबावं लागेल. भांगाला मधला वेळ मोकळा मिळतो, पण नाकं वरूनच पार करावी लागतील.

भरती-ओहोटीच्या तक्त्यात भरती ४.५ मीटर लिहिलेली असते, ती लाटांची उंची नव्हे. ठरवून दिलेल्या एका खालच्या पातळीपासून समुद्राचा पृष्ठभाग किती वर येईल, याचा तो अंदाज. लाटा वाऱ्याच्या असतात. उधाणाचा दिवस अगदी शांत असू शकतो आणि भांगाच्या दिवशी समुद्र खवळलेला असू शकतो. हवेचा दाब खूप उतरला किंवा जोराचा वारा किनाऱ्याकडे वाहत असला, तर पाणी तक्त्यापेक्षाही वर येतं.

हा सगळा हिशेब प्रत्येक समुद्राला सारखा लागू नाही. भूमध्य समुद्राच्या बहुतेक किनाऱ्यांवर पाण्याची चढउतार इतकी थोडी की उधाण-भांगाने वाट फारशी बदलत नाही. कॅनडातल्या फंडीच्या उपसागरात ती काही ठिकाणी १६ मीटरपर्यंत जाते, तिथे भांगालाही गाफील राहता येत नाही.

माझी निवड विचाराल, तर अनोळखी किनाऱ्यावर पहिल्यांदा भांगाला जावं. वरून चढउतार जास्त होईल, पण पाण्याची घाई कमी. वाट ओळखीची झाली, कुठून वर निघता येतं हे कळलं, की उधाणाची ओहोटी निवडावी. तेव्हा ओहोटी पूर्ण लागण्याच्या दोन तास आधी निघावं आणि सर्वांत अरुंद नाक पाणी उतरत असतानाच मागे टाकावं.