धुरीच्या लाकडातील भिरूड

अन्नाला धुराची चव देण्यासाठी साठवलेल्या लाकडात शिरून ते आतून पोखरणारी कीड. 'भिरूड' हा कोकणातला जुना शब्द. लाकूड किंवा बांबू पोखरणाऱ्या अळ्या-भुंगेऱ्यांना तो सरसकट लावला जातो. कीडशास्त्राच्या दृष्टीने त्यात अनेक कुळे येतात. इमारती लाकूड आणि फर्निचर यांचीही हीच कीड, पण तिथले रुळलेले उपाय इथे चालत नाहीत. दरवाजाच्या चौकटीला लावलेले औषध चौकटीतच राहते. धुरीच्या लाकडाला लावलेले औषध मात्र धुराबरोबर उठते आणि मासळीवर, चीजवर, मांसावर बसते. त्यामुळे लाकडावर काय करू नये, हे आधी ठरवावे लागते.

मुंबईत लाकडाच्या धुरावर अन्न टिकवण्याची मोठी परंपरा नाही. कोळीवाड्यातला बोंबील वलांडीवर उन्हात सुकतो, धुरावर नव्हे. घरगुती धुरी म्हणजे भांड्यात वाटी ठेवून, वाटीतल्या पेटत्या निखाऱ्यावर तूप सोडून झाकण लावणे. तिला साठवलेले लाकूड लागत नाही. लाकूड खरे साठत आले ते पावाच्या भट्ट्यांकडे. अलीकडे त्यात धुरावर मांस-मासळी करणारी हॉटेले आणि गच्चीत स्मोकर ठेवणारे हौशी यांची भर पडली. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या भट्ट्या सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर नेण्याचे निर्देश दिले. तो प्रश्न शहराच्या हवेचा होता. चवीसाठी जाळले जाणारे लाकूड त्या मानाने थोडके, पण थोडके असल्यामुळेच ते महिनोन्‌महिने पडून राहते, आणि पडून राहिलेल्या लाकडालाच भिरूड लागते.

कोणती कीड, कोणते लाकूड

या भागात धुरीला आंबा, पेरू, जांभूळ, चिंच, बाभूळ, काजू अशी लाकडे वापरता येतात. यांपैकी आंबा सहज मिळणारा आणि किडीला सर्वांत लवकर बळी पडणारा. साग किंवा खैराच्या गाभ्यात कीटकांना न मानवणारी द्रव्ये असतात, आंब्यात तशी ती जवळजवळ नसतात. बागेतून आलेल्या आंब्याच्या ओंडक्यात पुष्कळदा बोटाएवढी जाड, पिवळट पांढरी अळी सापडते. ही खोडकिड्याची, म्हणजे बाटोसेरा रुफोमॅक्युलाटा या लांब मिशांच्या भुंगेऱ्याची अळी. काजूच्या खोडामुळांत शिरणारा 'रोठा' याच कुळातला. आंब्यातली ही अळी पाहून लोक दचकतात आणि अख्खा ढीग टाकून देतात. त्याची गरज नसते. ती जिवंत झाडातच शिरलेली असते, आणि तिचा भुंगेरा वाळलेल्या लाकडात अंडी घालत नाही. ओंडका फोडला की तिची गोष्ट संपते.

खरी डोकेदुखी बारीक किड्यांची. लिक्टस हा चार-पाच मिलिमीटर लांबीचा, तपकिरी भुंगेरा. त्याची अळी लाकडातला पिष्टमय भाग खाते. सेल्युलोज तिला पचत नाही. त्यामुळे ती बाहेरच्या पांढऱ्या, रसाळ लाकडातच राहते, गडद गाभ्याकडे जात नाही. मादी अंडी घालते ती लाकडाच्या उघड्या छिद्रांत, म्हणजे झाडाच्या रसवाहिन्यांत. पाइन, देवदार अशा सूचिपर्णी लाकडांत एवढ्या रुंद वाहिन्या नसल्याने लिक्टस त्यांच्या वाटेला जात नाही. धुरीलाही ती लाकडे नकोत, कारण राळेचा धूर कडवट आणि काजळीचा असतो. म्हणजे स्वयंपाक्याला आणि लिक्टसला एकच लाकूड आवडते. लिक्टस आता ज्यात धरला जातो त्या बॉस्ट्रिकिडी कुळातले इतर भुंगेरे अंगाने थोडे मोठे, भोकेही मोठी पाडतात; बांबूचे पीठ करणारा डायनोडेरस यांच्यातलाच. स्ट्रोमॅटियम बार्बेटम हा लांब मिशांचा भुंगेरा मात्र खोडकिड्याच्या उलट वागतो. तो कोरड्या लाकडातच वाढतो आणि त्याची अळी वर्षानुवर्षे आत राहू शकते.

पिष्टाचा मुद्दा जुन्या जाणकारांना अनुभवाने माहीत होता. बांबू पावसाळा सरल्यावर तोडावा, काही आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवावा, म्हणजे भिरूड लागत नाही, असे सांगतात. पाण्यात पिष्ट आणि साखर झिरपून जाते, त्यामुळे यात तथ्य आहे. अमावास्येच्या आसपास तोडण्याचा आग्रहही धरला जातो, पण हंगामाचा परिणाम चंद्राच्या कलेपेक्षा कितीतरी मोठा. आणखी एक विचित्र बाब: तोडलेले लाकूड हळूहळू वाळले, तर त्यातल्या जिवंत पेशी मरण्याआधी बरेचसे पिष्ट स्वतःच वापरून टाकतात. भट्टीत झटपट वाळवलेल्या लाकडात ते तसेच राहते. म्हणून 'भट्टीत वाळवलेले आहे' एवढ्या शब्दावर निर्धास्त राहू नये.

ओळख

एक-दोन मिलिमीटरची गोल भोके आणि चिमटीत धरल्यास टाल्कम पावडरीसारखा लागणारा भुसा असेल, तर लिक्टस. भोके याहून मोठी आणि भुसा रवाळ असेल, तर इतर बॉस्ट्रिकिडी. सुईने टोचल्यासारखी, कडा काळवंडलेली भोके, भुसा अजिबात नाही. हा ओल्या लाकडावर बुरशी पोसणारा भुंगेरा, लाकूड वाळताच तो मरतो. मातीच्या नळ्या म्हणजे वाळवी. त्या दिसल्या तर लक्ष लाकडापेक्षा खालच्या जमिनीकडे आणि भिंतीकडे द्यावे.

भोक दिसले म्हणजे कीड आत आहे असे नाही. भोक हे बहुतेक वेळा भुंगेरा बाहेर पडल्याची खूण असते. लाकूड हलवले की जुन्या भोकांतूनही भुसा गळतो. खात्री करायची तर लाकूड झटकून काळ्या कागदावर दोन-तीन आठवडे न हलवता ठेवावे. कागदावर ताज्या, फिकट भुशाच्या ढिगुळ्या दिसल्या तर आत हालचाल आहे. एकदा कागद कोरा राहिला म्हणजे संपले असेही नाही, कारण लहान अळी बराच काळ काहीच बाहेर टाकत नाही.

काय वापरू नये

यादी लांब आहे, आणि तिच्यातल्या बहुतेक वस्तू घरात किंवा वखारीत हाताशी असतात हीच अडचण. रॉकेल, डिझेल, गाडीचे काळे ऑइल, डांबर, काजूच्या टरफलाचे तेल हे सगळे लाकूड टिकवण्यासाठी कोकण किनाऱ्यावर वापरले गेले आहेत, आणि यातले एकही अन्नाखाली जाळण्याजोगे नाही. मोडलेल्या होडीच्या फळ्या म्हणूनच धुरीला वर्ज्य. डांबरगोळ्यांचा वास लाकूड शोषून घेते. वाळवीवर फवारण्याची क्लोरपायरिफॉससारखी औषधे, तांबे-क्रोम-आर्सेनिक मिश्रण दाबून भरलेले हिरवट लाकूड, जुना रंग किंवा पॉलिश चढलेले फर्निचर, प्लायवूड यांचाही विचार करू नये. आर्सेनिक जळून नाहीसे होत नाही. काही धुरातून जाते, उरलेले राखेत राहते. बोरिक पावडर तुलनेने सौम्य म्हणून सुचवली जाते. पण बोरॉनचे क्षार लाकूड पेटू नये म्हणूनही लावतात, तेव्हा ते धुरीच्या लाकडाला लावणे स्वयंपाकाच्या दृष्टीनेही उलटे काम आहे.

ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांबद्दल वेगळे सांगायला हवे. धान्याच्या गोदामात त्या वापरतात, म्हणून लाकडाच्या पोत्यातही एखादी टाकावी असे कुणालाही सुचू शकते. हवेतल्या दमटपणाने तिच्यातून फॉस्फीन वायू सुटतो. तो माणसाला मारतो आणि त्यावर उतारा नाही. भारतात तिचा वापर सरकारी यंत्रणा आणि प्रशिक्षित कीडनियंत्रकांपुरताच मर्यादित आहे. राहत्या खोलीत, चाळीच्या पोटमाळ्यावर किंवा इमारतीच्या जिन्याखाली ती कधीही नको.

बंदरातून भंगारात आलेल्या पॅलेटवरचा शिक्का वाचता येतो. आंतरराष्ट्रीय नियमानुसार 'एचटी' म्हणजे उष्णता दिलेले लाकूड, 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइड वायूची धुरी दिलेले. पहिला शिक्का किडीपुरता दिलासा देतो, पण त्या पॅलेटवर नंतर काय सांडले हे शिक्का सांगत नाही. शिवाय पॅलेट बहुधा पाइनचे असते, म्हणजे ते या कामाला मुळातच निरुपयोगी. खाद्यपदार्थ धुरावणे आणि थेट वाळवणे यांतून येणारी घातक बहुचक्रीय संयुगे कमी करण्यासाठी कोडेक्स या अन्नाची आंतरराष्ट्रीय मानके ठरवणाऱ्या आयोगाने २००९ मध्ये संहिता केली. इंधनाची निवड हा तिच्यातला एक प्रमुख मुद्दा आहे.

उष्णता आणि थंडी

किडीवर मात्रा चालते ती उष्णतेची. पॅकिंगच्या लाकडासाठीचे आंतरराष्ट्रीय माप गाभ्यात ५६ अंश सेल्सिअस, सलग ३० मिनिटे असे आहे. घरी ६० अंश, एक तास धरले तर हाताशी सूट राहते. सगळी मेख 'गाभ्यात' या शब्दात आहे. लाकूड उष्णता फार हळू आत जाऊ देते, आणि चार इंच जाड फोडीचा मध्य तापायला कित्येक तास जातात. सर्वांत जाड फोडीला मध्यापर्यंत भोक पाडून त्यात सळईचा थर्मामीटर खोचावा, आणि त्यावरचा आकडा ६० झाल्यावरच घड्याळ लावावे.

ढलप्या असतील तर काम सोपे. ओव्हनमध्ये ८० अंशांवर पातळ थरात दोन तास पुरतात, फक्त जवळून उठू नये. विझलेल्या विटांच्या भट्टीची उरलेली धगही वापरता येते, मात्र निखारे पूर्ण काढलेले हवेत, नाहीतर कीड आणि लाकूड दोन्ही सोबतच जातात. मुंबईच्या मे महिन्यातले नुसते ऊन पुरत नाही. हवा ३३-३४ अंशांची आणि समुद्राच्या वाऱ्याची असते, वरचा पृष्ठभाग भाजतो आणि आतली अळी सुखात राहते. काळा रंग दिलेल्या, वर काच बसवलेल्या बंद पेटीत तापमान बरेच वर जाते, पण तिथेही थर्मामीटरशिवाय अंदाज बांधू नये.

ओव्हन नसेल तर फ्रीझर. उणे १८ अंशांत, पिशवीतली हवा काढून, दोन आठवडे. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नये. थंड लाकडावर मुंबईची हवा पाणी धरते. मुंबईतल्या फ्लॅटमध्ये मासळी-मटाराच्या शेजारी लाकडाला दोन आठवडे जागा कोण देणार, हा प्रश्न आहेच.

उष्णता किंवा थंडी मागे काही सोडत नाही. धुरीला तेच हवे असते, पण उपचार झालेल्या लाकडाला पुन्हा कीड लागू शकते ती त्यामुळेच. कोकणात सुपे-टोपल्या आणि बी-बियाणे चुलीच्या वर, धुरात ठेवण्याची रीत याच्यावरचा उतारा होता. काजळी धरलेल्या बांबूकडे भिरूड सहसा फिरकत नाही.

मुंबईतली साठवण

जून ते सप्टेंबरमध्ये सांताक्रूझला सरासरी २,३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि हवेतली आर्द्रता आठवडेच्या आठवडे ८० टक्क्यांच्या वर राहते. अशा हवेत झाकलेले, नीट वाळलेले लाकूडही पुन्हा १६ ते १८ टक्के ओल धरते. लिक्टसला ही ओल अगदी मानवते. थोडी गळती झाली, ढीग भिंतीला टेकला, की ओल २० टक्क्यांपुढे जाते आणि बुरशीही येते. माझ्या मते धुरीच्या दृष्टीने किडीपेक्षा बुरशी वाईट: किडीने लाकूड हलके होते, बुरशीने धुराचा वासच बिघडतो.

साल काढून, मनगटाएवढ्या फोडी करून, दिवाळीनंतर रचलेले लाकूड एप्रिल-मेपर्यंत बऱ्यापैकी वाळते. ओलमापक नसेल तर एकच फोड दर आठवड्याला तोलावी. वजन उतरायचे थांबले की झाले. रचण विटांवर किंवा लोखंडी घोड्यावर, जमिनीपासून अर्धा फूट वर, भिंतीपासून हातभर दूर असावी. वरून पत्रा, बाजू मोकळ्या. ताडपत्रीत चहूबाजूंनी गुंडाळलेला ढीग आतून घामेजतो. पावसाळ्यासाठी लागेल तेवढेच लाकूड मे महिन्यात तापवून, गार करून, घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या पिंपात भरावे. सोसायटीत वाळवी-झुरळांची फवारणी असेल त्या दिवशी लाकूड तिथून हलवावे. ही गोष्ट हमखास विसरली जाते.

लाकूड पलंगाखाली किंवा माळ्यावर ठेवू नये. त्यातून निघालेला लिक्टस कपाटाच्या प्लायवूडकडे आणि बांबूच्या वस्तूंकडे वळतो. उघड्या ढिगात विंचू आणि घोणही आसरा घेतात. फोड उचलताना हात आधी आत घालू नये.

कीड लागलेले लाकूड जाळल्याने अन्न दूषित होत नाही. अळी आणि तिचा भुसा दोन्ही लाकडासारखेच जळतात. फक्त पोखरलेली फोड हलकी असते, भसकन पेटते आणि संथ धूर देत नाही. म्हणून ती आपटून, भुसा झटकून, आधी वापरून टाकतात: आच धरायला, धुरीचा पदार्थ आत ठेवण्यापूर्वी. हाताने चुरगळणारे किंवा बुरशीचा वास येणारे लाकूड त्यालाही घेऊ नये.